स्कुकुझा : रान झाडून काढणारा माणूस

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाची सफर मराठी पर्यटकांना आता नवी राहिलेली नाही. सिंह, हत्ती, गेंडा, रानम्हैस आणि बिबळ्या यांच्या शोधात दिवसभर हिंडलेली मंडळी संध्याकाळी ज्या ठिकाणी मुक्कामाला परततात, त्यांतील सर्वांत मोठा तळ म्हणजे स्कुकुझा. साबी नदीच्या काठी वसलेले हे जवळजवळ एक गावच आहे. उद्यानाचे मुख्यालय तेथे आहे, विमानतळ आहे, ग्रंथालयही आहे. पाटीवरचे हे नाव एखाद्या टेकडीचे किंवा जुन्या आफ्रिकी राजाचे असावे, अशी समजूत करून घेऊन बहुतेक प्रवासी पुढे जातात. प्रत्यक्षात ते एका ठेंगण्या, तापट स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याला मिळालेले टोपणनाव आहे. तेथील त्सोंगा लोकांनी ते ठेवले. त्याचा एक अर्थ झाडून काढणारा, दुसरा सारे उलथेपालथे करणारा. ज्यांनी हे नाव ठेवले, त्यांनी ते कौतुकाने ठेवलेले नव्हते.

जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हे त्या अधिकाऱ्याचे खरे नाव. १९०२ साली दोन वर्षांसाठी म्हणून पत्करलेली नोकरी त्यांनी १९४६ साली सोडली. पहिल्या महायुद्धातील काही वर्षे वगळली, तर त्यांचे सारे कर्तृत्व या एकाच रानात खर्ची पडले. आज जे रान सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरवर पसरले आहे आणि ज्याच्याकडे आफ्रिकेतील वन्यजीवनाचा नमुना म्हणून जग पाहते, ते रान मुळात टिकले याचे श्रेय एखाद्या एकाच व्यक्तीला द्यायचे झाले, तर ते त्यांना द्यावे लागते. त्या श्रेयाबरोबर त्या टोपणनावाचा हिशेबही आलाच.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६७ रोजी डब्लिन येथे झाला. घराणे स्कॉटलंडमधील लॅनार्कशायरचे. फेअरहोम ही तेथील वडिलोपार्जित जहागीर पुढे त्यांच्याकडे आली. रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत शिक्षण, त्यानंतर सँडहर्स्टची लष्करी प्रबोधिनी, आणि १८८८ मध्ये इनिस्किलिंग ड्रगून्स या घोडदळाच्या पलटणीत प्रवेश, असा त्या काळातील जमीनदार घराण्यातील मुलाचा ठरीव मार्ग त्यांनी चोखाळला. पलटणीबरोबर ते नाताळ प्रांतात आले आणि आफ्रिकेने त्यांना जी ओढ लावली, ती कायमची. १८९८ मध्ये मेजर गिबन्स यांच्या मोहिमेत सामील होऊन ते झांबेझी नदीच्या वरच्या खोऱ्यात, बारोत्सेलँडमध्ये हिंडले. हा प्रदेश आज पश्चिम झांबियात मोडतो. त्या प्रवासातील त्यांची दैनंदिनी पुढे १९५३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मोहीम संपते न संपते तोच बोअर युद्ध पेटले आणि ते पुन्हा घोड्यावर बसले. १९०२ च्या मे महिन्यात युद्ध संपले, तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. पलटणीतील शांततेच्या काळातील आयुष्य त्यांना कंटाळवाणे वाटू लागले होते. नेमक्या त्याच वेळी ट्रान्सवालच्या नव्या ब्रिटिश प्रशासनाला एका विस्मृतीत गेलेल्या अभयारण्यासाठी रक्षक हवा होता.

हे अभयारण्य कागदावर १८९८ पासून अस्तित्वात होते. ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी त्या वर्षीच्या मार्च महिन्यात साबी आणि क्रोकोडाइल या दोन नद्यांमधील टापू शिकारीसाठी बंद केल्याची घोषणा केली होती. घोषणेनंतर दीड वर्षात युद्ध आले आणि अंमलबजावणी राहून गेली. युद्धकाळात स्टायनेकर्स हॉर्स नावाचे ब्रिटिशांच्या बाजूचे अनियमित दल या भागात तळ ठोकून होते. त्या दलाच्या शिपायांनी पोटासाठी आणि करमणुकीसाठी जनावरे मारली. त्यापूर्वीच्या पिढीत हस्तिदंत आणि कातडी यांच्या व्यापाऱ्यांनी रान लुटले होतेच. भरीस भर म्हणून १८९६-९७ च्या बुळकांडीच्या साथीने रानम्हशी आणि कुडू हरणांचे कळप धारातीर्थी पडावेत तसे आडवे केले होते. आपल्याकडे गुरांच्या या रोगाची धास्ती जुन्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक होती. आफ्रिकेत तो रोग उत्तरेकडून दक्षिणेकडे वणव्यासारखा पसरत गेला आणि गुरे व वन्य प्राणी असा भेद त्याने केला नाही.

स्टीव्हन्सन-हॅमिल्टन १९०२ च्या जुलै महिन्यात बैलगाडीवर सामान लादून पठारावरून खाली लोव्हेल्डमध्ये उतरले, तेव्हा त्यांच्यापुढे असे रिकामे झालेले रान होते. लोव्हेल्ड म्हणजे पठाराच्या पूर्वेकडील उतार आणि मोझांबिकची सरहद्द यांमधील सखल, उष्ण, काटेरी वृक्षांचे गवताळ रान. पश्चिमेकडील अर्ध्या भागात ग्रॅनाइटचे खडक आणि त्यांच्या उघड्या बोडक्या टेकड्या, पूर्वेकडे बेसाल्टच्या काळ्या मातीची सपाट कुरणे, आणि मोझांबिकच्या सीमेवर लेबोम्बो डोंगराची लांबलचक बुटकी रांग. दक्षिणेत बाभळीच्या जातीची काटेरी झाडे आणि मरुलाचे वृक्ष, ऑलिफंट्स नदी ओलांडली की मैलोगणती मोपानेची झुडपे, आणि अगदी उत्तरेला, लिंपोपो जवळ आली की, गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे. हिवाळ्यात हे सारे रान गवताच्या पिवळ्या रंगाचे होते आणि नद्यांची पात्रे वाळूची. उन्हाळ्यात पाऊस येतो, गवत पुरुषभर वाढते आणि त्याबरोबर हिवतापही येतो. या हिवतापानेच गोऱ्या वसाहतवाल्यांना तेथे कायमची वस्ती करू दिली नव्हती. म्हणून हे रान शिल्लक होते, असेही म्हणता येईल.

त्या रानात तेव्हा जनावरे होती तरी किती? हत्ती एकही दिसला नाही. जिराफ, पाणघोडे, रानम्हशी यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पांढरा गेंडा तर या भागातून १८९० च्या दशकातच नाहीसा झाला होता. वरिष्ठांकडून मिळालेल्या सूचना कमालीच्या मोघम होत्या. देशी लोकांच्या प्रकरणांचे आयुक्त सर गॉडफ्रे लॅग्डन यांनी त्यांना नियम हाती दिले नाहीत, नकाशा धड नव्हता आणि मनुष्यबळही नव्हते. शिकार थांबवावी आणि त्यासाठी सर्वांना शक्य तितके नकोसे व्हावे, एवढाच काय तो आदेशाचा मथितार्थ होता. तो त्यांनी मनावर घेतला.

सुरुवात त्यांनी गोऱ्यांपासून केली, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. शिकारबंदी मोडणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवर त्यांनी खटला भरला आणि त्यांना शिक्षा होईपर्यंत पिच्छा सोडला नाही. साम्राज्याचा एक अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याला रानातल्या जनावरासाठी न्यायालयात खेचतो, हे त्या मुलखात अपूर्व होते. क्लबांतून आणि कचेऱ्यांतून त्यांच्याविरुद्ध बरीच ओरड झाली. परंतु तेव्हापासून या अभयारण्यात कायदा खरोखरच आहे, हे सर्वांना उमगले.

त्यानंतर त्यांची नजर रानात राहणाऱ्या माणसांकडे वळली. साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांच्या मधल्या टापूत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आफ्रिकी कुटुंबांच्या वाड्या होत्या. त्यांची मक्याची आणि भोपळ्याची शेते होती, पूर्वजांच्या कबरी होत्या. माणसे राहिली की शिकार होणारच, असे नव्या रक्षकाचे गृहीतक होते. १९०२-०३ या काळात सुमारे दोन ते तीन हजार लोकांना त्यांनी अभयारण्याबाहेर काढले. नुकसानभरपाई, पर्यायी जमीन, पुनर्वसन हे शब्द तेव्हाच्या प्रशासनाच्या कोशात नव्हते. रान त्यांनी खरोखरच झाडून काढले, आणि त्या लोकांनी या माणसाला स्कुकुझा म्हटले.

शिकार कोण करीत होते, हा प्रश्न येथे विचारायला हवा. हत्ती आणि गेंडे संपवले ते बंदुका घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांनी आणि शौकिनांनी. भाला, फासे आणि कुत्री घेऊन पोटापुरती शिकार करणाऱ्या गावकऱ्यांनी शतकानुशतके ते केले नव्हते. शिक्षा मात्र गावकऱ्यांना अधिक झाली. गोऱ्या शिकाऱ्याला दंड आणि काळ्या शिकाऱ्याला घरादाराला मुकणे, असा तो न्याय होता. मेळघाटातील बोरी, कोहा, कुंड या गावांची रानाबाहेर पडण्याची हकिकत ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही जुना झालेला नाही हे माहीत आहे. आपल्याकडे निदान मोबदल्याची आणि संमतीची भाषा आली. साबीच्या काठी ती नव्हती.

पुढे त्यांच्या या धोरणाला मुरड पडली. अभयारण्याचा विस्तार झाला, उत्तरेकडे शिंग्वेडझीचे नवे अभयारण्य १९०३ मध्ये जाहीर झाले, आणि या दोन्हींच्या मध्ये जी जमीन खासगी कंपन्यांच्या मालकीची होती, तेथील शिकारबंदीचा अधिकारही त्यांनी कंपन्यांशी बोलणी करून काही वर्षांच्या करारावर मिळवला. एवढ्या प्रचंड मुलखातून सर्वांना हुसकावणे अशक्य होते. शिवाय एव्हाना त्यांना एक गोष्ट दिसून चुकली होती, ती अशी की, गावकरी राहिले तरी जनावरे वाढू शकतात. म्हणून नव्या भागातील लोकांना राहू दिले गेले. सरकारला खंड भरावा किंवा श्रम द्यावेत, ही त्याची अट होती. मोझांबिकमधून परवान्याविना सरहद्द ओलांडून ट्रान्सवालच्या खाणींकडे निघालेले मजूर सापडले, की त्यांच्याकडून काही दिवस रस्त्याची आणि बांधकामाची कामे करून घेण्याची पद्धतही पडली. उद्यानातील सुरुवातीच्या अनेक वाटा अशा बिनपगारी हातांनी तयार झाल्या आहेत. माणसांविषयीचे त्यांचे मत बदलले खरे, पण ते हद्दपारीपासून वेठीपर्यंतच आले.

त्यांचा कारभार साबी नदीवरील अपुऱ्या राहिलेल्या रेल्वेमार्गाशेजारी चालत असे. सेलाटीच्या सोन्याच्या खाणींकडे जायचा हा लोहमार्ग १८९० च्या दशकात आर्थिक घोटाळ्यांमुळे मध्येच थांबला होता. युद्धकाळात पुलाजवळ उभारलेले ब्लॉकहाऊस, म्हणजे पहाऱ्याची लहानशी गढी, हे त्यांचे पहिले घर झाले. रूळ होते, पण गाड्या नव्हत्या. तेव्हा हाताने ढकलायच्या ट्रॉलीवरून ते कोमाटीपूर्टपर्यंत ये-जा करीत. अविवाहित, एकमार्गी, दैनंदिनी लिहिण्यात नियमित, वरिष्ठांना लांबलचक आणि तिखट पत्रे धाडण्यात त्याहून नियमित, अशी त्यांची ख्याती झाली.

त्यांच्या हाताखालचे गोरे रेंजर अगदी मोजके होते, आणि त्यातील हॅरी वोल्हुटर यांची हकिकत सांगितल्याविना पुढे जाणे बरोबर होणार नाही. १९०३ च्या ऑगस्ट महिन्यात गस्तीवरून परतताना वोल्हुटर सोबत्यांच्या पुढे निघून गेले होते. तिन्हीसांजेची वेळ होती. गवतात काहीतरी हलले. हरीण असावे असे त्यांना वाटले, तोच सिंहाने घोड्यावर झेप घेतली. घोडा उधळला आणि वोल्हुटर खाली पडले ते दुसऱ्या सिंहाच्या पुढ्यात. त्या सिंहाने त्यांचा उजवा खांदा जबड्यात धरला आणि त्यांना पाठीवर फरफटत नेले. बुटांच्या आऱ्या जमिनीत रुतत होत्या, तोंड सिंहाच्या आयाळीत दाबले गेले होते. कमरेचा सुरा उजव्या बाजूला होता आणि उजवा हात निकामी झाला होता. डावा हात पाठीमागून नेऊन त्यांनी तो सुरा काढला, चाचपडत सिंहाच्या छातीचा अंदाज घेतला आणि वार केले. सिंह दूर जाऊन मेला. वोल्हुटर कसेबसे झाडावर चढले आणि शुद्ध हरपली तर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःला फांदीला बांधून घेतले. घोड्यामागे गेलेला पहिला सिंह परत आला, तेव्हा त्याला झाडाखाली हुलकावण्या देत अडवून धरले ते त्यांच्या बुल नावाच्या कुत्र्याने. पुढे सहकारी आले, अनेक दिवसांच्या प्रवासानंतर बार्बर्टनच्या रुग्णालयात उपचार झाले आणि वोल्हुटर वाचले. पुढची चार दशके ते याच रानात नोकरीला होते. तो सुरा आणि सिंहाचे कातडे आजही स्कुकुझाच्या स्टीव्हन्सन-हॅमिल्टन ग्रंथालयात पाहायला मिळते.

अशी कथा ज्यांच्या नावावर टिकली, त्या गोऱ्या रेंजरांबरोबरच आफ्रिकी रक्षकांची एक मोठी फळी होती. ते पायी हिंडत. फासे शोधणे, वणवे विझवणे, सिंहांच्या वाटेवर रात्र काढणे हे त्यांचे रोजचे काम असे. काही जण सिंहांना बळी पडले, काहींवर शिकाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे पुस्तकांत आली.

येथे सिंहांचा विषय निघतो, आणि या चरित्रातील सर्वांत विचार करायला लावणारा भागही हाच आहे. ज्या माणसाने शिकार थांबवली, त्याने सिंह मारले. चोरून नव्हे, तर धोरण म्हणून. हरणे वाढायची असतील तर त्यांना खाणारे कमी केले पाहिजेत, हा त्या काळचा सरळसोट हिशेब होता. सिंह, बिबळे, चित्ते, तरस, रानकुत्री, मगरी ही सारी उपद्रवी जनावरांच्या यादीत होती. पहिल्या पाव शतकात साबीच्या रक्षकांनी हजाराहून अधिक सिंह मारले. आज ज्या सिंहासाठी लोक समुद्र ओलांडून येतात, त्याला तेथे तेव्हा बक्षिसाचा नव्हे, बंदुकीचा मान होता.

पण स्टीव्हन्सन-हॅमिल्टन केवळ अंमलदार नव्हते, ते निरीक्षक होते. वर्षानुवर्षे एकाच रानात हिंडताना त्यांच्या लक्षात येऊ लागले की, हरणांच्या कळपांचा वाढता-घटता आलेख सिंहांच्या संख्येने जितका ठरतो, त्याहून अधिक पावसाने, गवताने आणि रोगराईने ठरतो. मांसभक्षक आजारी आणि दुबळे जनावर आधी उचलतो. त्याला काढून टाकले तर कळप सुधारत नाही, उलट बिघडतो. १९१२ साली त्यांचे ‘ॲनिमल लाइफ इन आफ्रिका’ हे जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झाले. निसर्गाच्या कारभारात माणसाने शक्यतो हात घालू नये, हा विचार त्यांच्या लेखनात पुढे अधिकाधिक ठाम होत गेला. शेजारच्या शेतकऱ्यांना हे पटत नव्हते. अभयारण्य म्हणजे सिंहांची पैदास करण्याचा कारखाना असल्याची त्यांची तक्रार होती. पुढे उद्यानाच्या नियामक मंडळातही सिंहांविषयी मतभेद होत राहिले. तरीही ज्याने स्वतःच्या बंदुकीने सिंह पाडले, त्या माणसाने त्यांची बाजू मांडावी, याला मनाचा प्रामाणिकपणा लागतो. सरकारी नोकरीत वीस वर्षे राबवलेले धोरण चुकीचे होते असे म्हणणारे अधिकारी आपल्याही ओळखीत फारसे नसतील.

दरम्यान रानाने उत्तर दिले होते. १९०५ मध्ये लेटाबा आणि ऑलिफंट्स नद्यांच्या संगमाजवळ हत्तींचा एक लहानसा कळप आढळला. जेमतेम दहा हत्ती असतील. मोझांबिकच्या बाजूने ते परतू लागले होते. इम्पाला, झेब्रे, नू यांचे कळप वाढले, आणि हेच अभयारण्याच्या मुळावर येऊ लागले. जनावरे पुरेशी झाली, आता शिकार उघडा, अशी मागणी होऊ लागली. हिवाळी चराईसाठी पठारावरील मेंढपाळांना कुरणे हवी होती, कंपन्यांना आपली जमीन विकायची होती, कोळशाच्या आशेने कोणी खणायला तयार होते. सेलाटीचा लोहमार्ग १९१२ मध्ये पूर्ण झाल्याने जमिनीचे मोल वाढले होते. राखीव क्षेत्र हे केवळ प्रशासकीय आदेशावर उभे होते, दुसऱ्या आदेशाने ते मोडता येत होते. हा धोका स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनी इतरांच्या आधी ओळखला. कायद्याने संरक्षित असे राष्ट्रीय उद्यान झाल्याविना हे रान टिकणार नाही, हा त्यांचा ध्यास झाला.

पहिल्या महायुद्धाने त्यात खंड पाडला. ते सैन्यात परतले, गॅलिपोलीच्या मोहिमेत होते, नंतर इजिप्तमध्ये आणि सुदानमध्ये प्रशासक म्हणून राहिले. १९२० मध्ये ते साबीला परत आले. त्यांच्या अनुपस्थितीत एका आयोगाने १९१८ साली राष्ट्रीय उद्यानाची शिफारस करून ठेवली होती, पण लोकांना त्याचे सोयरसुतक नव्हते. ज्या रानात कोणी जात नाही, ते राखायचे कोणासाठी?

याचे उत्तर अनपेक्षितपणे रेल्वेने दिले. १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने ट्रान्सवालची नऊ दिवसांची सहल सुरू केली. गाडी अभयारण्यातून रात्रीच्या अंधारात निघून जाईल, अशी मूळ आखणी होती. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनी रेल्वेच्या अधिकाऱ्यांना गाडी साबी पुलाशी थांबवण्यास राजी केले. प्रवासी उतरत, रेंजर त्यांना बंदूक घेऊन थोडे रानात फिरवून आणी, रात्री शेकोटी पेटे आणि रानातील गोष्टी सांगितल्या जात. बाकी सहलीत नयनरम्य दऱ्या आणि फळबागा होत्या, पण लोकांच्या मनात राहिला तो शेकोटीपलीकडचा अंधार. सहलीचा हा सर्वांत लोकप्रिय टप्पा ठरला. जनावर मारण्यासाठी नव्हे, नुसते पाहण्यासाठी माणसे पैसे मोजतात, हे सिद्ध झाले आणि राजकारण्यांना त्याचा अर्थ समजला.

राजकारण त्यांनी कसे साधले, हेही पाहण्यासारखे आहे. स्मट्स यांच्या सरकारातील जमीनमंत्री डेनीस राइट्झ या योजनेला अनुकूल होते. १९२४ मध्ये ते सरकार पडले आणि आफ्रिकानेर राष्ट्रवाद्यांचे सरकार आले. एका ब्रिटिश अधिकाऱ्याचे स्वप्न हे लोक बासनात गुंडाळतील, अशी भीती होती. नवे जमीनमंत्री पीट ग्रोब्लर हे नात्याने पॉल क्रूगर यांचे भाऊबंद, त्यांच्या भावंडांच्या कुळातील नातू. उद्यानाला क्रूगर यांचे नाव द्यावे, हा विचार पुढे आला आणि विरोधाची हवाच निघून गेली. वृद्ध राष्ट्राध्यक्षांच्या स्मारकाला नाही कोण म्हणणार? ३१ मे १९२६ रोजी संसदेने राष्ट्रीय उद्यानाचा कायदा संमत केला. क्रूगर हे निसर्गरक्षणाचे द्रष्टे होते, या कथेवर स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांचा खासगीत मुळीच विश्वास नव्हता. जेन कॅरुदर्स या इतिहाससंशोधिकेने पुढे कागदपत्रांच्या आधारे त्या कथेची चिकित्सा केली आहे. पण नावाने रान वाचत असेल तर वाचू द्यावे, इतपत व्यवहार त्या तापट माणसाला कळत होता.

१९२७ मध्ये तीन मोटारी उद्यानात आल्या. १९२८ मध्ये १८० आणि १९२९ मध्ये ८५०. प्रिटोरियसकॉपला पहिल्या गवती छपराच्या गोल झोपड्या उभ्या राहिल्या. सिंह मोटारीला घाबरत नाहीत, तिच्याकडे दुर्लक्ष करतात, हा शोध तेव्हाचा. सबंध पर्यटनव्यवसाय आज त्याच शोधावर उभा आहे. पुढे मोठ्या झालेल्या तळांमध्ये साताराही आहे. त्याचा आपल्या साताऱ्याशी संबंध नाही. सर्वेक्षकाच्या हिंदी मदतनिसाने सतराव्या भूखंडावर ‘सत्रा’ अशी खूण केली आणि त्याचे सातारा झाले, असे सांगतात. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना मात्र या वाढत्या गर्दीने आनंद होण्याऐवजी काळजीच अधिक वाटू लागली. रस्ते, उपाहारगृहे, सुखसोयी वाढत गेल्या तर रानाचे रानपण राहणार नाही, असे ते सतत बजावत राहिले. ज्या पाहुण्यांना त्यांनीच रेल्वेतून उतरवून घेतले होते, त्यांच्यापासून आता रान वाचवायचे होते.

साठी ओलांडल्यावर, १९३० मध्ये, त्यांनी हिल्डा चोमली या चित्रकार तरुणीशी विवाह केला. ब्लॉकहाऊसशेजारी संसार थाटला गेला, मुले झाली. १९३६ मध्ये साबी ब्रिज या मुख्य तळाचे नाव बदलून स्कुकुझा करण्यात आले. ज्यांना हुसकावले त्यांनी ठेवलेले नाव सरकारने गौरव म्हणून पाटीवर चढवले. त्याच वर्षी आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. आजचे कॉर्बेट ते हेच. १९३७ मध्ये ‘साउथ आफ्रिकन ईडन’ हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक आले. नंदनवनाची बायबलमधील कथा हद्दपारीवर संपते, हे त्या शीर्षकात आपसूकच आले.

१९४६ च्या एप्रिलअखेर, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि उद्यानापासून जवळच, व्हाइट रिव्हरच्या परिसरात राहू लागले. १० डिसेंबर १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर उद्यान बदलत गेले. १९५९ पासून कुंपणे पडू लागली आणि ऋतूप्रमाणे पश्चिमेकडे जाणाऱ्या कळपांच्या जुन्या वाटा बंद झाल्या. नैसर्गिक कारभारात हात न घालण्याचे त्यांचे सूत्र मागे पडून हत्तींची संख्या गोळ्यांनी मर्यादेत ठेवण्याचे दिवस आले. हा प्रकार १९९४ मध्ये थांबला. संगमावरच्या दहा हत्तींच्या जागी आता वीस हजारांहून अधिक हत्ती आहेत. १९६१ पासून नाताळहून आणलेले पांढरे गेंडे रुजले, आणि २००८ नंतरच्या अवैध शिकारीने त्यांची पुन्हा दैना केली. १९६९ मध्ये उत्तरेकडील पाफुरी भागातून मकुलेके लोकांना घराबाहेर काढून ती जमीन उद्यानाला जोडण्यात आली. या वेळी कोणी कोणाला टोपणनाव दिल्याची नोंद नाही. वर्णभेदी राजवट गेल्यानंतर, १९९८ मध्ये, ती जमीन कायद्याने मकुलेके लोकांच्या नावावर परत झाली. तेथे घरे न बांधता ती रानच ठेवायची आणि पर्यटनाचे उत्पन्न स्वतः घ्यायचे, असा करार त्यांनी केला. साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधून १९०२-०३ मध्ये निघालेल्या कुटुंबांच्या वाड्या मात्र पुन्हा वसल्या नाहीत.

हिल्डा १९७९ मध्ये वारल्या. त्यानंतर पतिपत्नी दोघांच्या अस्थी स्कुकुझाच्या दक्षिणेला शिरिमंटांगा नावाच्या खडकाळ टेकडीजवळ विखुरण्यात आल्या. गस्तीवर असताना तेथे मुक्काम करणे स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना आवडत असे. सभोवती मरुलाची झाडे आणि गवत आहे. टेकडीचे नाव तेथल्या माणसांनी ठेवलेलेच राहिले आहे.